निळ्या दोऱ्याचा रफू

अहमदाबाद,
३ नोव्हेंबर १९९६

मासी, पाया पडते.

जटाशंकरभाई तुला वाचून दाखवणार म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तुझी बहीण, माझी बा, जाऊन काल बावीस दिवस झाले. नाही, आज झाले. तू तेरावं करून बोटादला परत गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपली उचलली. शेजारची पूंजीकाकी म्हणाली, एवढ्यात नको. पण दिवाळीआधीच्या दोन आठवड्यांत घरोघरी कपाटं उपसतात. ते दिवस सोडले तर पुढं तीन महिने भांड्यावर जुनं कापड मिळत नाही, हे बाच दरवर्षी सांगायची. म्हणून गेले.

बाच्याच सोसायट्या घेतल्या. एका घरी बेनने सात शर्ट, दोन पँटी आणि एक साडी काढली. मी पाच नंबरची तपेली पुढं केली. तिने तपेलीला टिचकी मारून ऐकलं आणि म्हणाली, "पातळ वाजते." मी म्हटलं, शर्टांच्या कॉलरी घासलेल्या आहेत. ती म्हणाली, "कॉलर घासलीय, शर्ट नाही घासला. तुझी बा वर झाकण द्यायची. आहे कुठं ती? आजारी?" मी सांगितलं. तिने दार धरलं. मग म्हणाली, "अरेरे. मग आज तर झाकण देच."

मी झाकण दिलं. वाईट वाटायला हवं होतं, किंवा राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. जिना उतरताना फक्त टोपली जड लागली.

परवा पहाटे कापडबाजारात गाठोडी नेली. माझ्या हिशेबाने चार होती, उचलली तर पाच निघाली. हल्ली माझं मोजणं चुकतं. सगळी विकली गेली.

जेवते आहे, काळजी करू नकोस. फक्त मीठ आहे की नाही ते कळत नाही. पूंजीकाकीला चाखायला देते, ती सांगते. शाळेत कधी कुणाचं बघून लिहिलं नाही आणि आता मीठ दुसऱ्याला विचारून घालते.

तुझी नीरू


बोटाद,
१४ नोव्हेंबर १९९६

नीरूला अमथीमासीचे आशीर्वाद.

जटाशंकर लिहितो आहे. त्याला एका पत्रामागे टोपलीतला एक चमचा ठरला आहे. लांब झालं तर दीड म्हणतो. दीड चमचा कुठून आणू, म्हणून थोडक्यात सांगते.

झाकण द्यायचं नाही. आपली चूल झाकणांवर चालते. तपेल्या उधारीवर आणतो, त्या देऊन कापड येतं ते कारखानदाराचं, झाकण वाचतं ते आपलं. तुझी बा झाकण द्यायची हे त्या बाईचं खोटं. माझ्या बहिणीने सख्ख्या जावेला झाकण दिलं नाही.

आता कामाचं. सहा महिने पुरे झाले की छमासी करायची. आपल्यात त्या दिवशी मेलीची बहीण तिची रोजची साडी नेसून तिच्या चुलीपुढं बसते आणि पहिला घास खाते. तोवर मेलेलं माणूस उपाशी फिरतं. बहीण मी एकटीच उरले आहे. तिची ती मोहरीच्या रंगाची, हिरव्या काठाची साडी जपून ठेव. नवी नको, नेसून नेसून मऊ झालेलीच लागते. छमासीपर्यंत साडीने घर सोडायचं नाही.

आणि जेव. बेचव लागलं तरी जेव.

अमथीमासी

(लिहिणाऱ्याची पुरवणी: दीड चमच्याची गोष्ट मी चेष्टेत म्हटली होती. बेन, तुमचं अक्षर फार सुरेख आहे. – जटाशंकर)


अहमदाबाद,
२५ नोव्हेंबर १९९६

मासी, पाया पडते.

पत्र पोचलं. साडी आहे. मोहरीच्या रंगाची, हिरव्या काठाची. धुऊन, वाळवून, घडी घालून पेटीत ठेवली आहे. वर वर्तमानपत्र घातलं आहे, कसर लागू नये म्हणून. पेटी भिंतीला लावून ठेवली आहे आणि तिच्यावर दुसरं काही ठेवत नाही. तू काळजी करू नकोस.

दिवाळी झाली. फेरी आता मंदावली आहे. झाकण पुन्हा दिलं नाही. थंडी अजून म्हणावी तशी नाही. पूंजीकाकीची शेळी व्यायली. दोन पिल्लं आहेत, एक काळं आणि एक पांढऱ्यावर काळं.

जेवते आहे.

नीरू


बोटाद,
९ डिसेंबर १९९६

नीरूला आशीर्वाद.

तुमच्या घरात पेटी कधी आली? दोन महिन्यांपूर्वी मी तेरा दिवस त्या घरात झोपले. कोपऱ्यात गाठोडी होती, उतरंड होती, देवीचा कोनाडा होता. पेटी नव्हती. घेतली असशील तर बरंच झालं. पण कशावर घेतलीस तेही लिही. पेटी देणारी बाई झाकणावर ऐकणार नाही.

साडी ठेवशील तेव्हा रफूची बाजू वर ठेव, घडीत मोडू नकोस. पदराखाली टीचभर जागेत निळ्या दोऱ्याचा रफू आहे. नेसल्यावर तो झाकला जायचा, तुला ठाऊक नसेल म्हणून सांगते. तुला शाळेत घातलं त्या दिवशी मीही बरोबर होते. फाटकापाशी तू तिची साडी अशी धरलीस की मास्तरीण एकीकडून ओढते आहे, तू दुसरीकडे, आणि मधे ती साडी. तू सोडलं नाहीस, साडीने सोडलं. टर्रकन आवाज झाला. शिपाई हसला. तुझी बा म्हणाली, "हसतोस काय, माझी पोरगी कापड पारखते आहे."

घरी येऊन तिने रफू केला. मोहरीचा दोरा नव्हता. तुझ्या शाळेच्या झग्याला आणलेला निळा उरला होता, तोच घातला. मी म्हटलं, पदर सरकला की दिसेल. ती म्हणाली, दिसू दे. मग बारा-तेरा वर्षं तीच साडी नेसून फेरी केली तिने. तीच अंगाला बरी लागते म्हणायची.

ह्या पत्राला मी आपणहून दोन चमचे दिले.

अमथीमासी


अहमदाबाद,
२ जानेवारी १९९७

मासी, पाया पडते.

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. जटाशंकरभाई, तुम्ही हे तिला वाचून दाखवाल, काही गाळू नका.

पेटी नाही. कधीच नव्हती. साडीही नाही.

पाचवं गाठोडं बाच्या कपड्यांचं होतं. तेराव्याला बायकांनी ते धुऊन बांधून कोपऱ्यात ठेवले, विकायच्या गाठोड्यांशेजारी. आपल्या घरी दोन्ही एकाच चादरीत, एकाच गाठीने बांधतात. मी पाच उचलली, एक बाचं समजून मागं ठेवलं. तुझं पहिलं पत्र आल्यावर कोपऱ्यातलं उरलेलं गाठोडं सोडलं तर त्यात कुणाच्या तरी पँटी होत्या.

एवढ्यावर थांबले असते तर चूकभूल म्हणता आली असती. पण बाजारात मी ते गाठोडं सोडलं होतं. पहाटेचा अंधार होता, दिवा लांब होता. बाने शिकवल्याप्रमाणे एकेक कापड हातावर घेतलं. डोळे फसतात, बोट फसत नाही, असं ती म्हणायची. चांगलं ते पहिल्या ढिगात, डागडुजी लागेल ते दुसऱ्यात, चिंधीचं तिसऱ्यात. एक साडी हाताला आली. मऊ होती, सूत अजून धरून होतं. मी ती पहिल्या ढिगाकडे नेत होते. मग पदराखाली बोटाला रफू लागला. म्हणून हात फिरवला आणि दुसऱ्या ढिगात टाकली.

तो कशाचा रफू होता ते तुझं पत्र आल्यावर कळलं.

मासी, मला हे नीट सांगायचं आहे. मी तिचं कापड हातात घेतलं आणि मला ओळख पटली नाही. वासावरून नाही, स्पर्शावरून नाही. तेरा वर्षं त्या साडीला धरून मी बसमध्ये चढले असेन. मी फक्त रफू ओळखला आणि तोही तोटा म्हणून ओळखला. हे लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बा गेल्यापासून आलेलंच नाही. पूंजीकाकी मागं म्हणाली, पोरीला शिकवलं की डोळे कोरडे होतात.

मी साडी शोधते आहे. दुसरा ढीग बाजारातल्या चंचळबेनने घेतला होता एवढं आठवतं. छमासीला अजून तीन महिने आणि दहा दिवस आहेत. साडी मिळाली नाही तर तू त्या दिवशी येशील का, एवढं कळव.

नीरू


बोटाद,
२० जानेवारी १९९७

चि. नीरूबेन,

हे पत्र माझं आहे, अमथीबेनचं नाही.

तुमचं पत्र मी काही न गाळता वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग मी कागद-पेन घेऊन बसलो. त्या उठून निघाल्या. जाताना ओट्यावर चमचा ठेवून गेल्या. मी म्हटलं, बेन, पत्र तर झालं नाही. त्या म्हणाल्या, वाचलंस ना दोनदा.

पोस्टात तीस वर्षं काढली, पण न लिहिलेल्या पत्राचा मोबदला पहिल्यांदाच घेतला. तुम्ही वाट पाहत असाल म्हणून कळवलं.

जटाशंकर


अहमदाबाद,
२३ फेब्रुवारी १९९७

मासी, पाया पडते.

तू उत्तर दिलं नाहीस, तरी लिहिते. साडी सापडली आहे. पण माझ्याजवळ नाही. क्रमाने सांगते.

चंचळबेन दुसऱ्या ढिगातलं कापड नीट करून नदीकाठच्या रविवारच्या बाजारात मजुरांना विकते. चार महिन्यांपूर्वीची साडी तिला काय आठवणार असं वाटलं होतं. पण मी निळ्या दोऱ्याचा रफू म्हटल्यावर ती हसायलाच लागली. म्हणाली, "ती विसरेन होय? रफू आहे म्हणून मी आपणहून भाव उतरवून सांगितला, तर बाई म्हणते, मला रफूवालीच दाखवा. असं गिऱ्हाईक जन्मात एकदा येतं." बाई दाहोदकडची होती, वस्त्रापूरच्या तळ्यामागं नवी इमारत होते आहे तिथं विटा वाहणारी.

काल गेले. तिचं नाव झमकू. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. साडी तिने नेसलेली नव्हती. दोन बांबूंना बांधून तिची झोळी केली होती, आत चार-पाच महिन्यांचं मूल झोपलं होतं. निळा रफू वरच्या बाजूला होता, उन्हात. मी तो पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. फार बारीक टाके आहेत, मासी.

बा सांगायची, हवं असेल त्या कापडाकडे दुसऱ्यांदा बघायचं नाही. मी तिथंच चुकले. टोपली उतरवायच्या आधीच बघत राहिले. मग म्हटलं, ही दे, दोन कोऱ्या साड्या देते आणि वर सात नंबरचा डबा. झमकूने डबा नाही वाजवला, साड्या नाही पाहिल्या. ती उठली आणि झोळीचा काठ बोटांनी दाबत दाबत शेवटपर्यंत गेली.

"काय शिवलंय ह्यात? सोनं?"

"काही नाही."

"मग एवढं का देतेस?"

मी म्हटलं, माझ्या आईची आहे.

"आईची होती तर विकलीस कशाला?"

"ओळखली नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण कापडाची वीण बघतो तसं. मग म्हणाली, "मी रफू बघून घेतली. एवढं बारीक कुणी शिवतं म्हणजे साडी कुणाची तरी लाडकी असणार. लाडकं कापड मऊ असतं. ह्याला दुसऱ्यात झोप लागत नाही, मी करून पाहिलं." ती पुन्हा विटांच्या ढिगाकडे निघाली आणि जाता जाता म्हणाली, "न्यायची तर ने. पण तू सोड. मी नाही सोडणार."

मी गाठीला हात लावला. गाठ साधी होती. आतल्या मुलाने एक पाय लांब केला आणि साडीवर बाहेरून टाचेचा आकार उमटला. मी हात काढून घेतला.

खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. मला दया आली म्हणून मी ती तिथंच ठेवली असं नाही. मला त्या वेळी काही वाटत नव्हतं. हात चालला नाही, एवढंच. साड्या आणि डबा परत टोपलीत भरले. तिथून घरापर्यंत फेरीची हाकही घातली नाही.

छमासी १२ एप्रिलला आहे. मी चूल सारवून ठेवेन. लापशी करेन. साडी असणार नाही. तू येणार की नाही ते तू ठरव. बा उपाशी राहिली तर ते माझ्यामुळे.

नीरू


बोटाद,
१४ एप्रिल १९९७

नीरूला आशीर्वाद.

जानेवारीत उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा तोंडात आलं ते जटाशंकरने कागदावर घेतलं नसतं. फेब्रुवारीत दिलं नाही, कारण मला आधी स्वतः बघायचं होतं.

बारा तारखेला मी अहमदाबादेतच होते. पहाटेच्या बसने आले ती सरळ तळ्यामागं गेले. तुला त्या पोरीशी सौदा करता आला नाही, तू शिकलेली. मी चाळीस वर्षं फेरी करते आहे. मी तिच्यापुढं तीन भांडी मांडली, मग चौथं. साडीला नावं ठेवली. म्हटलं, रंग उडाला, काठ विरला, आणखी एका महिन्यात पोर खाली पडेल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मासी, एवढी वाईट आहे तर तुमच्या घरच्या बायका एकीमागून एक कशाला येताहेत?"

मला हसू आलं. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिथंच खाली बसले.

दुपार झाली. तिने भाकरी सोडली, अर्धा रोटला आणि मिरची माझ्या हातावर ठेवली. कोण आहेस, कुठली आहेस, काही विचारलं नाही. माझ्या डोक्यावरच ती झोळी होती. मी एक हात साडीला लावला आणि घास खाल्ला. मिरची तिखट होती. तुझ्या बाला तिखटच लागायचं.

छमासी झाली. चूल तिची नव्हती, पण साडी तिची होती आणि बहीण तिची होती. तिनातली दोन पुरे. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

घास खाल्ल्यावर बहिणीने मागं वळायचं नसतं, सरळ आपल्या गावी जायचं असतं. म्हणून तुझ्या दारी आले नाही. तू लापशी करून बसली असशील हे ठाऊक होतं. त्याला इलाज नव्हता.

निघताना झोळीखाली एक वाटी ठेवून आले. बदल्यात कापड घेतलं नाही. आयुष्यात असं पहिल्यांदा झालं. बसमध्ये हात नुसते मांडीवर होते, कुठं ठेवावेत ते कळेना.

आता एक गोष्ट, ती जटाशंकर मोठ्या अक्षरात लिहितो आहे. तू ती साडी दुसऱ्या ढिगात टाकलीस ते बरोबर केलंस. रफूचं कापड दुसऱ्याच ढिगात जातं. तुझ्या बाच्या हातात अंधारात तिची स्वतःची साडी आली असती तर तिनेही तिथंच टाकली असती, आणि तू पहिल्यात टाकली असतीस तर तुला टपली मारली असती. बोट फसलं नाही तुझं. बोटाला एवढंच कळतं, त्याच्याकडून जास्त मागू नकोस.

अमथीमासी

(चमचा मी ह्या वेळी घेतला नाही. – जटाशंकर)


अहमदाबाद,
२१ एप्रिल १९९७

मासी, पाया पडते.

बारा तारखेला मी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग पूंजीकाकी म्हणाली, आता सुरू कर. मी तुझं ताट वाढून ठेवलं. संध्याकाळी ते शेळीला घातलं. तुझं पत्र शनिवारी आलं.

काल तळ्यामागं जाऊन आले. त्या मजल्यांचं काम संपलं आहे, माणसं दुसरीकडे गेली. कुठं ते मुकादमाला ठाऊक नाही. दाहोद-पंचमहालची माणसं, म्हणाला, जिथं काम तिथं. दोन बांबू अजून रोवलेले आहेत. त्यांच्यावर साडीच्या गाठीने घासून गुळगुळीत पट्टा पडला आहे. मी तो बोटाने पाहिला. वाटी तिथं नव्हती, म्हणजे तिने नेली.

मी तिथं फार थांबले नाही. येताना फेरी केली. एका घरी सहा शर्ट आणि एक चादर मिळाली. बाईने झाकण मागितलं. मी म्हटलं, माझ्या बाने सख्ख्या जावेला दिलं नाही. ती हसली आणि झाकणाशिवायच घेतलं.

घरी येऊन कढी केली. पूंजीकाकी बाहेर गेली होती, म्हणून चाखायला कुणी नव्हतं. तशीच जेवायला बसले.

कढीत मीठ जास्त पडलं होतं, मासी. मला ते पहिल्याच घासाला कळलं.

नीरू